रेणुकेचा गुन्हा काय?

परवा ऑफिसात जेवताना विषय निघाला. पेपरातली एक बातमी होती, आणि नेहमीप्रमाणे तिच्यावर मतं सुरू झाली. एक म्हणाला, "सगळं खरं, पण एवढ्या रात्री ती तिथं गेलीच कशाला?" दुसऱ्यानं त्याला झापलं, "आपल्या धर्मातच आहे रे हे. बाईलाच दोष द्यायचा." तिसरा भडकला. "उगाच धर्म मधे आणू नकोस. आपल्याकडे पूर्वी असलं नव्हतं. रांझ्याच्या पाटलाचं महाराजांनी काय केलं माहीत आहे ना?" तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि सगळे आपापले डबे उचलून गेले.

माझ्या डोक्यात मात्र ते तिघंही शनिवारपर्यंत भांडत राहिले. सगळं धर्मानंच केलं, हे खरं का? की पूर्वी सगळं बरं होतं आणि नंतर बिघडलं? कोड चालत नसेल तर आम्ही जुने लॉग उघडून बघतो, चूक नक्की कुठल्या व्हर्जनमध्ये आत शिरली ते. तसंच जरा मागं जाऊन बघू.

मी गडहिंग्लजचा. आमच्याकडे या विषयाची सुरुवात रेणुकेपासूनच होणार. आमच्या भागात तिला यल्लम्मा म्हणतात, सौंदत्तीची यल्लम्मा. मंगळवारी-शुक्रवारी डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगतिणी दारात यायच्या. आई परडीत पीठ-मीठ घालायची, त्या कपाळाला भंडारा लावायच्या. चौंडक्याचा तो आवाज ज्यानं लहानपणी ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको.

तिची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. जमदग्नीची बायको रेणुका नदीवर स्नानाला गेली. तिथं चित्ररथ राजा आपल्या राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. तिचं मन क्षणभर चळलं. एवढंच. ती घरी आली आणि नवऱ्यानं चेहऱ्यावरून ओळखलं. त्यानं मुलांना सांगितलं, आईला मारा. चौघांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. पाचव्यानं, परशुरामानं, कुऱ्हाड उचलली. पुढे वर मागून त्यानं आईला जिवंत केलं, आणि घडलेलं तिला आठवू नये असंही मागून घेतलं. आमच्या भागातल्या गोष्टीत आणखी भर आहे. नवऱ्याच्या शापानं तिच्या अंगावर रोग उठतो, ती रानोमाळ भटकते आणि जोगुळभावीच्या पाण्यात बरी होते. सौंदत्तीला जाणारी माणसं आजही आधी तिथं आंघोळ करतात.

आता बघा, या गोष्टीत कुणी कुणाला हात लावलेला नाही. तरी शिक्षा झाली, आणि ती बाईलाच झाली. पुरावा काय, तर तिचा चेहरा. आज्ञा मोडणाऱ्या चार मुलांची नावं कुणाला आठवत नाहीत. आज्ञा पाळणाऱ्याची जयंती होते.

अहल्येच्या गोष्टीत तर सरळसरळ फसवणूक आहे. इंद्र गौतमाचं रूप घेऊन आला. वाल्मीकी रामायणातच याच्या दोन तऱ्हा आहेत. बालकांडात तिनं त्याला ओळखलं होतं असं आहे, उत्तरकांडात ओळखलं नव्हतं असं आहे. म्हणजे संमती होती की नव्हती, यावर ग्रंथाचंही एकमत नाही. पण शाप तिला दोन्हीकडे आहे. शाप इंद्रालाही मिळतो, त्याचे वृषण गळून पडतात. पण देव लगेच मेंढ्याचे आणून बसवतात. अहल्या मात्र वर्षानुवर्षं राखेत पडून राहते.

इथं आमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा सिद्ध झाला असं वाटेल. पण थांबा. वसिष्ठ धर्मसूत्र नावाचा जुना ग्रंथ आहे, मनुस्मृतीच्याही आधीचा मानला जातो. त्यात स्पष्ट म्हटलंय की ज्या स्त्रीवर बलात्कार झाला किंवा जी चोरांच्या हाती सापडली, तिला टाकून देऊ नये. पुढं देवलस्मृतीत, परक्यांनी पळवून नेलेल्या आणि त्यातून गरोदर राहिलेल्या बायकांनाही परत घेण्याचा विधी सांगितलाय. आता 'शुद्ध करून घेणे' या शब्दातच ती अशुद्ध झाली हे गृहीत आहे, हे मान्य. तरीही घराचं दार उघडं ठेवायची वाट शास्त्रात होती. ती वाट किती जणांनी वापरली? फाळणीत पळवल्या गेलेल्या बायका परत आल्या तेव्हा त्यांना घरात घ्या म्हणून गांधी-नेहरूंना लोकांना हात जोडावे लागले. सूत्र पोथीत राहिलं आणि कथा घराघरांत पोचली.

बाहेरच्या जगातही असंच आहे. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकात, एक नियम आहे. वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीवर गावात प्रसंग आला तर दोघांनाही दगडांनी मारा, कारण ती ओरडली नाही. रानात आला तर फक्त पुरुषाला मारा, कारण ती ओरडली असेल पण वाचवायला कुणी नव्हतं. रानातल्या मुलीला संशयाचा फायदा आणि गावातल्या मुलीला मरण. त्याच परंपरेतला संत ऑगस्टीन मात्र, इसवी सन ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यावर, ठामपणे लिहितो की मनाची संमती नसेल तर त्या बाईचं पावित्र्य जराही जात नाही. आणि आपल्या शेजारी पाकिस्तानात १९७९ साली झियांच्या राजवटीत असा कायदा आला की बलात्काराची तक्रार सिद्ध झाली नाही तर तिच तक्रार बाईच्या अंगावर व्यभिचाराची कबुली म्हणून उलटू शकायची. तो २००६ साली बदलला. सांगायचा मुद्दा, दोन्ही वाटा जवळपास सगळ्याच परंपरांत होत्या. कुठली घ्यायची ते माणसांनी ठरवलं.

आता तिसऱ्या मित्राकडे येऊ. रांझ्याचा पाटील. २८ जानेवारी १६४६ चं ते पत्र खरंच आहे. बाबाजी गुजर या पाटलानं 'बदअमल' केला म्हणून शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी जप्त केली. पाटलासारख्या माणसाला, गावचा कारभारीच तो, इतकी जबर शिक्षा त्या काळात होणं ही साधी गोष्ट नाही. अभिमान वाटावा अशीच आहे. पण पत्र वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात पाटलाचं नाव आहे, त्याच्या सांभाळाची जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाचं नाव आहे, पाटीलकीसाठी किती होन भरायचे तो आकडा आहे. बाईविषयी एक अक्षर नाही. परंपरेनं आपण तो बदअमल म्हणजे बाईवरचा अत्याचार असं समजतो, पण ती कोण होती, तिचं पुढं काय झालं, हे लिहावं असं कुणाला वाटलं नाही.

आणि तो न्याय पुढं टिकलाही नाही. पेशवाईच्या कागदांत 'शिंदळकी' हा शब्द वारंवार भेटतो. बाईवर व्यभिचाराचा आळ आला की सरकार चौकशी करायचं, दंड घ्यायचं. आणि अनेकदा त्या बाईला सरकारची कुणबीण करून टाकायचं, म्हणजे गुलाम. मग ती किल्ल्यावर, कोठीत, पागेत राबायची. तिला विकताही यायचं. पुरुष बहुतेक वेळा दंड भरून सुटायचा. स्वतःहून गेली की जबरदस्ती झाली, हा फरक करायला या व्यवस्थेत फारशी जागा नव्हती. आणि थोडा विचार केला तर कळतं की तो फरक करण्यात कुणाला रसही नव्हता. ती निर्दोष ठरली तर सरकारला ना दंड मिळणार, ना फुकटचा राबता हात.

इथं मला पहिल्यांदा या सगळ्याची एक किल्ली सापडल्यासारखं वाटलं. बाईवर दोष ठेवला की कुणाचा तरी फायदा होतो. तो कुणाचा, हे शोधत गेलं की परंपरा, संस्कृती वगैरे मोठे शब्द बाजूला पडतात आणि खाली जमाखर्चाची वही दिसायला लागते.

एकोणिसाव्या शतकात ही वही पहिल्यांदा उघड वाचली ती जोतिबा-सावित्रीबाईंनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तरुण विधवा घरातल्याच कुणा पुरुषाकडून किंवा ओळखीच्याकडून गरोदर राहायची. तो पुरुष उजळ माथ्यानं फिरायचा आणि बाई एक तर विहीर जवळ करायची किंवा मूल मारून फाशी-काळ्या पाण्याची धनी व्हायची. जोतिबांनी तिला 'हे कसं झालं' असं विचारलं नाही. या आणि बाळंत व्हा, एवढंच सांगितलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी आधी फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख सुरू झालं. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून काढली. तिचा साधा सवाल असा, की जे दोष बायकांच्या अंगी आहेत म्हणता, ते पुरुषांत नाहीत का? पुस्तक पुढं विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं १९७५ मध्ये. हे साल लक्षात ठेवा.

आता परत आमच्या गावाकडे. रेणुकेच्या नावानं मुली सोडल्या जायच्या. पोरीच्या केसात जट झाली (म्हणजे बऱ्याचदा केस नीट न धुतल्यामुळे, न विंचरल्यामुळे गुंता झाला), घरात आजारपण आलं, मुलगा होत नाही, काहीही कारण पुरायचं. देवीचं बोलावणं आलं म्हणायचं आणि पाच-सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधायचं. ती देवीची झाली, तिनं लग्न करायचं नाही. वयात आली की गावातला कुणीतरी ऐपतदार तिला 'ठेवायचा'. बहुतेक पोरी दलित आणि गरीब घरातल्या. ठेवणारा बहुतेक वरच्या जातीतला. त्याचा कंटाळा संपला की पुढचा रस्ता मुंबई-पुण्याच्या वस्त्यांकडे जायचा.

आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलीबाबत असं घडलं तर कायद्यात त्याला एकच नाव आहे. पण गावाकडे त्यासाठी दुसरे शब्द तयार होते. देवीची इच्छा, पोरीचं नशीब. आणि जरा वय झालं की 'तसलीच बाई'. म्हणजे पोरीला न विचारता तिला त्या रस्त्यावर ढकलायचं आणि मग त्या रस्त्यावर दिसते म्हणून तिलाच नाव ठेवायचं. रेणुकेवर निदान क्षणभर मन चळल्याचा आरोप तरी होता. या पोरींना आरोप कळायचंही वय नव्हतं.

याला कुणीच हरकत घेतली नाही असंही नाही. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं. शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला आणि १९२० साली जोगत्या-मुरळीच्या प्रथेला आळा घालणारा. १९३४ मध्ये मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा आला. सौंदत्ती तेव्हा मुंबई इलाख्यातच. त्या कायद्यानं मुलगी सोडणं बेकायदा ठरवलं, देवदासीनं लग्न केलं तर ते वैध मानलं. कागदावर प्रश्न सुटला. मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीचा डोंगर मात्र भरतच राहिला आणि गर्दीत मुली सोडल्या जातच राहिल्या.

मग १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींच्या प्रश्नावर परिषद भरली. बाबा आढावांचं महात्मा फुले समता प्रतिष्ठान तिच्यामागं होतं आणि आमच्या गावचे प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारखी माणसं त्यात राबली. पुढं हे लोण निपाणीला गेलं, तिथं प्रा. सुभाष जोशी वगैरे मंडळी उभी राहिली. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली नवे कायदे झाले. मला या परिषदेचं महत्त्व वेगळ्या कारणानं वाटतं. तोवर देवदासी हा एक तर भक्तीचा विषय होता किंवा कुजबुजीचा. इथं पहिल्यांदा तो पोटापाण्याचा, घराचा, पोरांच्या शाळेचा आणि हक्काचा झाला. एकदा पुनर्वसन हा शब्द आला की 'ती कशी आहे' हा प्रश्न गळून पडतो आणि 'तिचं कुणी काय केलं, आणि आता तिला काय द्यायचं' हा प्रश्न उरतो. आमच्याच तालुक्यातल्या अत्याळचे राजन गवस यांनी पुढं 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहून तो सगळा मुलूख मराठी वाचकांच्या घरात आणला. 'जोगवा' सिनेमा (२००९) पाहिला असेल, त्यामागे या दोन कादंबऱ्या आहेत.

आणि नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक खटला चालू होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी, अनाथ, मजुरी करणाऱ्या अल्पवयीन मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार होती. हेच पुढं मथुरा प्रकरण म्हणून गाजलं. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, कारण मुलीला शरीरसंबंधांची 'सवय' होती. नागपूरच्या उच्च न्यायालयानं दोघांना दोषी धरलं आणि स्वच्छ सांगितलं की भीतीनं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत.

ती ओरडली का? बायबलमधला गावातल्या मुलीचा नियम आठवतो? सतराव्या शतकातला इंग्लंडचा न्यायाधीश मॅथ्यू हेल यानं लिहून ठेवलं होतं की जवळपास माणसं असताना बाई ओरडली नसेल तर तिच्या सांगण्यावर संशय घ्यावा. इंग्रजी कायदा त्याचंच बोट धरून चालला, आणि तोच आपल्याकडे आला. म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या मित्राला मला सांगायचंय की देसाईगंजच्या त्या मुलीला हरवण्यात मनूइतकाच, कदाचित जास्तच, वाटा लंडनच्या कायदेपंडितांचा होता.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शहरोशहरी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की संमती नव्हती, तर कोर्टानं ती नव्हती असंच धरून चालायचं. तरी पुराव्याच्या कायद्यातलं एक कलम तसंच राहिलं. बलात्काराच्या खटल्यात तक्रार करणारी बाई एकूण बदफैली आहे असं दाखवून तिची साक्ष मोडता यायची. हे कलम २००२ च्या दुरुस्तीनं गेलं. म्हणजे गडहिंग्लजची परिषद होऊन पाव शतक उलटलं तरी, एखाद्या जोगतिणीनं कोर्टात उभं राहायचं ठरवलं असतं तर तिच्या गळ्यातलं दर्शनच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवायची सोय कायद्यात होती. मधे १९९० साली, महाराष्ट्रातल्याच एका पोलीस अधिकाऱ्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की तथाकथित चालीच्या बाईलाही खासगीपणाचा हक्क आहे, कुणीही यावं आणि तिला हात लावावा असं नाही. इतकी साधी गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागली. २०१३ मध्ये कायद्यात आलं की प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही. बाईला 'सवय' आहे का हे बघणारी दोन बोटांची तपासणी तर २०१३ मध्ये बेकायदा ठरूनही चालूच होती, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही नवऱ्याला दिलेली सूट कायम आहे.

तर हे झाले लॉग. मला त्यात चूक आत शिरल्याची एक तारीख काही सापडली नाही. 'पूर्वी असं नव्हतं' म्हणावं तर शिंदळकीचे कागद आडवे येतात. 'आपल्या धर्मातच आहे' म्हणावं तर वसिष्ठाचं सूत्र आडवं येतं, आणि तिकडून हेलसाहेबही हात वर करतात. प्रत्येक काळात दुसरी वाट समोर होती, आणि कुणीतरी मोजकी माणसं त्या वाटेनं गेलीसुद्धा. बाकीच्यांनी सोयीची वाट धरली. सरकारला दंड मिळाला, ऐपतदाराला पोर मिळाली, पोलिसांना सुटका मिळाली.

आणि आपल्याला काय मिळतं? 'ती तिथं गेलीच कशाला' असं विचारणाऱ्या माझ्या मित्राला ना दंड मिळणार आहे ना काही. तो भला माणूस आहे, त्याला लहान बहीण आहे. मला वाटतं त्याला दिलासा मिळतो. तिनं काहीतरी चूक केली म्हणून तिच्यावर ही वेळ आली, आपली बहीण ती चूक करणार नाही, म्हणजे ती सुरक्षित आहे. हा दिलासा खोटा आहे, पण रात्री झोप येण्यापुरता तो पुरतो. त्याची किंमत मात्र ती दुसरी मुलगी मोजते. आणि उद्या खरंच काही झालं तर त्याची बहीण त्यालाच सांगायला घाबरेल, कारण त्याचा पहिला प्रश्न कोणता असेल ते तिला घरात बसून आधीच पाठ झालेलं आहे.

सोमवारी त्याला एवढंच सांगणार आहे. बघू काय म्हणतो ते. बाकी रेणुकेच्या त्या चार मुलांची नावं मी शोधून काढली. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू. बापाची आज्ञा असूनही आईवर हात उचलायला ते तयार झाले नाहीत. आमच्याकडे पोरांची नावं ठेवताना कुणी ही यादी उघडत नाही, पण निदान माहीत असावीत.